मांजर दिवेलागणीला घरात हवं

बावीच्या, म्हणजे विहिरीच्या, कडेला ओल्या मातीत ठसा उमटला होता. चार बोटं, मागे मोठी गादी, नखांची खूण कुठेच नाही. मी शेजारी माझी चार बोटं जुळवून टेकवली, तर ठशाची रुंदी जवळजवळ तेवढीच भरली. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, वरच्या चिऱ्याला केशरी केसांचा एवढासा पुंजका चिकटला होता, दवाने ओला. सोनीचे केस. काकी पलीकडच्या परड्यातून, त्यांच्या परसातून, म्हणाल्या, "रातीक वाघ इललो गो. कुत्रे कशे भुकत होते, आयकलंस मां?"

ऐकलं होतं. ऐकून कूस बदलली होती आणि पुन्हा झोपले होते.

सोनी तीन वर्षांची होती. रात्री तिची ताटली खळ्यात, म्हणजे अंगणात, ठेवायची आणि दार लावून घ्यायचं, ही आमच्या घरची जुनी रीत. मांजराला काय, ते आपलं आपण येतं-जातं, असं मी आजीच्या तोंडून ऐकत आले आणि तसंच वागले. त्या सकाळनंतर मात्र जो भेटेल त्याला विचारत सुटले. गुरांच्या डॉक्टरांना, वनखात्यातल्या माणसांना, आगरात रात्री राखणीला झोपणाऱ्यांना. आता घरात दोन मांजरं आहेत, बंड्या आणि चिमी. त्यांच्यासाठी जे शिकले ते इथे लिहिते आहे, कारण आमच्या मालवण भागात असं एकही घर नाही जिथलं एखादं मांजर "रात्री गेलं ते आलंच नाही" असं झालेलं नाही.

मांजर शिकारीही आणि शिकारही

मांजराचा गोंधळ असा की ते उंदराला वाघ आहे आणि वाघाला उंदीर. तीन-चार किलोचा जीव. त्याचे डोळे माणसाला लागतो त्याच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढ्या उजेडात काम करतात. बुबुळामागे आरशासारखा पडदा असतो, आत आलेला उजेड तो पुन्हा मागे फेकतो, म्हणून टॉर्चच्या झोतात डोळे चमकतात. निसर्गाने त्याला संध्याकाळ आणि पहाट या दोन वेळांसाठी घडवलं, कारण उंदीर, घुशी, चिचुंद्र्या त्याच वेळी बाहेर पडतात.

आता अडचण बघा. तोच आरसा बिबट्याच्या डोळ्यात आहे, कोल्ह्याच्या डोळ्यात आहे. तेही त्याच दोन वेळांना निघतात. अजगर आणि घुबड रात्रीचे. म्हणजे मांजर ज्या घटकेला सगळ्यात उत्साहात गडग्यावरून उडी मारून रानाकडे जातं, नेमकी तीच घटका त्याच्यावर टपलेल्या सगळ्यांची कामाची वेळ असते. दुपारी बारा वाजता खळ्यात उन्हाला पडलेल्या मांजराला कोकणात फारसं कोणी हात लावत नाही. संध्याकाळी सातला तेच मांजर त्याच जागी सुरक्षित नाही.

म्हणून शत्रू कोण याआधी वेळ कोणती हे पाहायचं. शत्रू पाच-सहा प्रकारचे असले तरी त्यांची वेळ बहुतेक एकच आहे, आणि वेळ आपल्या हातात आहे.

वाघ कशाला येतो

आमच्याकडे बिबट्याला सरळ वाघच म्हणतात, पट्टेवाला तो ढाण्या. हा वाघ लांबच्या जंगलातून वाट चुकून येतो असं आपण धरून चालतो. पण बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले भागातल्या ऊसशेतीत राहणाऱ्या बिबट्यांच्या विष्ठेचे नमुने तपासले आणि ते खातात काय याचा वजनाने हिशेब मांडला. खाण्यातला ८७ टक्के भाग पाळीव जनावरांचा निघाला. त्यात पहिला क्रमांक कुत्र्यांचा, ३९ टक्के. दुसरा मांजरांचा. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी बिबट्याच्या खाण्यात त्या फक्त ११ टक्के. कारण साधं आहे. शेळी रात्री गोठ्यात बांधलेली असते, राखणीला माणूस असतो. कुत्रा आणि मांजर मोकळं असतं.

अकोले म्हणजे कोकण नव्हे. तिथे ऊस, इथे काजू-आंब्याच्या बागा, कातळसडे, व्हाळांच्या, म्हणजे ओढ्यांच्या, कडेची गच्च झाडी. पण जनावराची बुद्धी तीच. बांधलेलं आणि झाकलेलं टाळायचं, मोकळं सापडेल ते उचलायचं.

यातून एक साखळी दिसते, आणि ती कोकणातल्या कुठल्याही गावात डोळ्यांनी पाहता येते. रस्त्याच्या वळणावर रात्री कुणीतरी कोंबडीच्या दुकानातली आतडी-पिसं पोत्यात भरून फेकून जातो. त्या वासाला गावातले पाच-सहा कुत्रे जमतात आणि तिथलेच होतात. कुत्र्यांच्या मागे वाघ येतो, एकदा येतो, दोनदा येतो, त्याची पायवाट पडते. ती पायवाट तुमच्या परड्यातून जाते. आणि परड्यात, भाताच्या उडव्याशेजारी उंदराची वाट बघत तुमचं मांजर बसलेलं असतं. मांजरासाठी वाघ मुद्दाम येत नाही, वाटेत सापडलं म्हणून घेतो. म्हणजे मांजर वाचवायचं काम घरापासून अर्ध्या किलोमीटरवरच्या त्या वळणावर सुरू होतं. आमच्या वाडीत हे ग्रामसभेत बोलून झालं, दुकानदारांनी खड्डा काढला, आणि कुत्र्यांचा जमाव पांगला. वाघ गेला असा दावा मी करणार नाही. बावीपाशी पुन्हा ठसा मात्र दिसलेला नाही.

"पकडून दूर सोडा" ही मागणी प्रत्येक वेळी होते. तिचा उपयोग किती, याचं एक उदाहरण सांगते. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका वयस्क बिबट्याला गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं होतं. लोकांनी त्याचं नाव आजोबा ठेवलं. तो शंभराहून जास्त किलोमीटर चालत, रेल्वेरूळ आणि हमरस्ते ओलांडत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला, आणि वाटेत त्याने कुणा माणसाला इजा केली नाही. सोडलेलं जनावर सोडल्या जागी राहत नाही. आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरं येतं.

बाकीचे

कोल्ह्याला लोक हलक्यात घेतात. आठ-दहा किलोचा असतो, जोडीने फिरतो, आणि खाडीकाठच्या कांदळवनापासून किनाऱ्याच्या सुरुबनापर्यंत सगळीकडे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, तेव्हा माणसांखालोखाल त्रास होता तो कोल्ह्या-कुत्र्यांचाच. वाळूत दीड फूट खाली पुरलेली अंडी तो वासावर उकरतो. अशा नाकाला तुमच्या मागल्या दाराशी टाकलेली बांगड्याची डोकी आणि आतडी किती लांबून कळत असतील याचा विचार करा. धडधाकट बोका कोल्ह्याला चुकवून माडावर चढतो. पिल्लू, गाभण भाटी (मांजरी), म्हातारं मांजर सापडतं.

मासळीचं धुणं आणि कुट्टी माडाच्या आळ्यात घालायची पद्धत चांगली आहे, खत होतं. पण वरवर टाकून उपयोग नाही. हातभर खोल खड्डा घ्या, माती दाबा, वर एक चिरा ठेवा. सुकत घातलेले जवळा, सोडे, बोंबील संध्याकाळी आत घ्या. पावसाच्या भीतीने आपण घेतोच, थंडी-उन्हाळ्यातही घ्या.

अजगर पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त दिसतो. कोंबड्यांच्या खुराड्यात शिरतो आणि गिळलेल्या कोंबडीमुळे फुगून त्याला बाहेर पडता येत नाही, ही बातमी दरवर्षी कुठून तरी येते. त्याच्या ओठांवर बारीक खाचा असतात, त्यांनी त्याला अंगाची ऊब जाणवते. काळोखात, पाचोळ्यात, काही न हलता तो पडून राहतो. मांजर कानांवर विसंबून चालतं, आणि अजगराचा आवाजच नसतो. ठसा नाही, केस नाहीत, रक्त नाही, असं मांजर नाहीसं झालं तर हीही एक शक्यता धरायची.

विषारी साप मांजराला खायला येत नाहीत. मांजर त्यांच्या वाटेला जातं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही आपल्याकडे आहेत, आणि फुरसं तर रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कातळावर दगड उचलावा तिथे असायचं. मांजर सापाला पंजा मारून खेळवतं. त्याची चपळाई दहादा वाचवते, अकराव्यांदा नाही. इथे एक खूण उपयोगी पडते. सातभाई, म्हणजे ते मातकट रंगाचे थव्याने उड्या मारत फिरणारे पक्षी, एखाद्या झुडपाभोवती जमून एकसारखा कलकलाट करायला लागले की तिथे साप किंवा मांजर असतं. आमच्याकडे बहुतेक वेळा दोन्ही. मी हातातलं काम टाकून आधी मांजराला उचलून आणते.

घुबडं आणि मोरघार यांची भीती पिल्लांपुरती. समुद्रगरुडाला लोक उगाच घाबरतात, त्याचं लक्ष मासे आणि समुद्रसापांवर. मुंगूस मोठ्या मांजराच्या नादी लागत नाही, डोळे न उघडलेली पिल्लं मात्र उचलतो. धामणही उचलते. चिपळूणला वाशिष्ठीकाठी राहणाऱ्यांनी पुराच्या दिवसांत मगर हीही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

आणि कुत्रे. माझ्या माहितीतली जी मांजरं गेली, त्यांतली निम्म्याहून अधिक रानातल्या जनावराने नेलीच नाहीत, गावच्या मोकाट कुत्र्यांनी घेरून मारली. वाघाची बातमी होते, याची होत नाही. इतर कशाहून याचीच धास्ती मला जास्त वाटते, कारण हे भरदिवसाही होतं.

दिवा लावायची वेळ

आता मुख्य उपाय. सूर्य बुडायच्या आधी मांजर घरात, आणि लख्ख उजाडल्यावर बाहेर. ऐकायला सोपं, करायला पंधरा दिवस लागतात.

मांजराला हाका मारून आणता येत नाही, भुकेने आणता येतं. दिवसभर ताटली भरलेली ठेवायची सवय आधी मोडा. दोन वेळा खाणं, सकाळी आणि संध्याकाळी. सकाळचं थोडं कमी. संध्याकाळचं पोटभर, माशाचं, आणि ते घराच्या आतच, माजघरात किंवा स्वयंपाकघरात. खायला घालताना रोज एकच आवाज करायचा. मी ताटलीवर चमचा तीनदा वाजवते. आवाज, मग खाणं, मग दार बंद, या क्रमात एक दिवसही खंड नको. चौथ्या-पाचव्या दिवशी चिमी आवाजाला यायला लागली. बंड्याला बारा दिवस लागले, आणि अजूनही तो आधी गडग्यावर बसून दोन मिनिटं विचार करतो.

घड्याळ धरू नका, उजेड धरा. आपल्याकडे नोव्हेंबरअखेर सूर्य सहालाच बुडतो आणि जुलैत सव्वासातपर्यंत रेंगाळतो. उन्हाळ्यात लागलेली "सातची" सवय दिवाळीनंतर तशीच चालू ठेवली तर मांजर तासभर काळोखात राहतं. देवाकडे दिवा लावायची वेळ हीच खरी वेळ. आमच्याकडे आता सासूबाई निरांजन पेटवतात आणि मी चमचा वाजवते, दोन्ही बरोबरच.

पहिल्या आठवड्यात ते रात्रभर दाराशी ओरडेल. इथे बहुतेक घरं हरतात. पहाटे चारला कुणीतरी वैतागून कडी काढतं, आणि मांजर एकच धडा शिकतं की पुरेसं ओरडलं की दार उघडतं. म्हणून घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा. ओरडणं कमी व्हावं म्हणून खाण्याआधी दहा मिनिटं त्याला दोरीच्या टोकाला सुंभाचा गोंडा बांधून पळवा. शिकार, खाणं, अंग चाटणं आणि झोप हा मांजराच्या शरीराचा ठरलेला क्रम आहे. खेळ म्हणजे शिकार झाली, मग ताटली, मग ते आपोआप अंग चाटून झोपतं.

आत ठेवायचं तर विधीची सोय हवी. एक पसरट घमेलं, त्यात लाकडाच्या वखारीतला भुसा किंवा व्हाळातली वाळू, चार बोटं जाड. समुद्राची वाळू मिठामुळे ओली राहते आणि वास धरते. घमेलं रोज साफ करायचं. मांजराच्या विष्ठेतून येणारा टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी बाहेर पडल्यावर साधारण एक ते पाच दिवसांनी बाधक होतो, म्हणून रोजच्या रोज काढलं तर धोका बराच टळतो. घरात गर्भवती बाई असेल तर हे काम दुसऱ्याने करावं.

मग घराच्या फटी. कौलारू घरात दार लावून काही होत नाही, मांजर वळचणीतून जातं. भिंतीचा माथा आणि वासे यांमधली पोकळी, सरकलेलं कौल, न्हाणीघराच्या मोरीचं तोंड, चुलीवरचं धुराडं. एका रात्री दिवे मालवून बसा आणि मांजर कुठून निसटतं ते बघा, तुम्हाला माहीत नसलेली एक वाट नक्की निघेल. तिथे अर्धा इंची वेल्डमेशची जाळी ठोका. कोंबड्यांची षटकोनी जाळी स्वस्त पडते पण खाऱ्या वाऱ्यात लवकर गंजून तुटते, आणि मोठ्या जनावराच्या एका झटक्यात फाटते. मासेमारीचं जुनं जाळं प्रत्येक घरी पडलेलं असतं, ते खिडकीला किंवा गॅलरीला चालेल, पण ताणून आणि चारही बाजूंनी बांधून. लोंबतं ठेवलं तर मांजरच त्यात गुरफटतं.

पिंजऱ्याबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगते. रात्री मांजराला बाहेर पडवीत किंवा खळ्यात पिंजऱ्यात ठेवू नका. मोकळं मांजर निदान झाडावर पळतं. पिंजऱ्यातलं कुठे जाणार? बिबट्या लाकडी खुराडं फोडतो. दिवसा उन्हाला बसायला, चार बाजूंनी आणि वरून जाळी लावलेली जागा घराला लागून केलीत तर उत्तम, पण रात्री ती रिकामी हवी. कुत्र्याचंही तेच. राखणीसाठी खळ्यात साखळीने बांधलेला कुत्रा वाघाला पळवत नाही, बोलावतो.

नसबंदीचं लोक ऐकून घेतात आणि विसरतात. पाच-सहा महिन्यांची भाटी माजावर येते, बोके मैलभरावरून जमतात, आणि तुमचा बोका असाच दुसऱ्या वाडीतल्या भाटीमागे रात्रभर रानातून फिरतो. मेलेल्या बोक्यांत तरुण जास्त असतात ते यामुळे. नसबंदीने बोका बराच घरबशा होतो, मारामाऱ्या कमी होतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. जिथे सोय नसेल तिथे खासगी डॉक्टर करतात, आणि खर्च एकदाच येतो.

भाटी गाभण राहिलीच असेल तर, दिवस साधारण नऊ आठवड्यांचे असतात, शेवटच्या आठवड्यात तिला मांगरात, म्हणजे परड्यातल्या खोपटात, किंवा लाकडांच्या ढिगात जागा शोधू देऊ नका. माजघरात काळोख्या कोपऱ्यात खोका आणि जुनं लुगडं ठेवा. पिल्लांचा पहिला शत्रू बहुतेकदा परका बोकाच असतो.

परड्याचं काम थोडं आहे. घरापासून वीस-पंचवीस फुटांतलं गवत आणि रान पावसानंतर साफ करा, म्हणजे दबा धरायला आडोसा राहत नाही. लाकडं, चिरे, सोडणांचे (नारळाच्या सालींचे) ढीग भिंतीला टेकून रचू नका, तिथे उंदीर होतात, उंदरांमागे साप. आणि बावीला कठडा आणि वर जाळी. बिबटे विहिरीत पडतात ते बहुतेक भक्ष्यामागे धावताना, आणि पुढे धावणारं मांजरही त्याच विहिरीत जातं.

जे करू नये

विष घालून किंवा फासकी लावून कुणी मांजर वाचवलेलं नाही. डुकरांसाठी तारेची फासकी लावतात, तिच्यात बिबट्या कंबरेत अडकून मरतो, हे आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत पुन्हा पुन्हा झालं आहे. त्याच फासकीत मांजरंही जातात, फक्त ती कुणी मोजत नाही. बिबट्या, अजगर, कोल्हा हे सगळे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली येतात, मारणं किंवा पकडणं गुन्हा आहे. बिबट्या वस्तीत सारखा दिसत असेल, विहिरीत पडला असेल, तर वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ लावा. तो समोर दिसला तर गर्दी करू नका, मोबाईल घेऊन मागे जाऊ नका. मांजर त्याच्या तोंडात असेल तरीही जाऊ नका. मला माहीत आहे हे लिहिणं किती सोपं आहे. तरीही जाऊ नका. दार लावून आतून थाळी बडवा, आरडाओरडा करा, कधीकधी तो टाकून जातो.

एक उलटी गोष्टही होते. काजूच्या बागेत, गवतात, ठिपक्यांचं पिल्लू सापडतं आणि लोक मांजर म्हणून घरी आणतात. ती वाघाटी असू शकते, जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक, पूर्ण वाढलेली दीड किलोच्या आसपास. तिची आई जवळच असते. पिल्लू जिथे होतं तिथेच ठेवा आणि वनखात्याला कळवा. आपल्या मांजरांना लसी टोचणं हे या रानमांजरांसाठीही गरजेचं आहे, कारण मांजरांचे साथीचे आजार त्यांनाही लागतात.

नाहीसं झालं तर

गेल्या पावसाळ्यात बंड्या एका संध्याकाळी चमच्याला आला नाही. वीज गेलेली, पाऊस कोसळत होता. घाबरलेलं किंवा जखमी मांजर लांब पळत नाही, घरापासून दोन-तीन घरांच्या अंतरात कुठेतरी शिरून बसतं आणि हाक मारली तरी ओ देत नाही. गप्प राहणं हाच त्याचा बचाव असतो. म्हणून हाका मारत रस्त्याने फिरण्याऐवजी प्रत्येक मांगर, माळा, गोठ्याची गव्हाण, लाकडांचा ढीग वाकून बघायचा, आणि बावीतही. टॉर्च डोळ्यांच्या उंचीला धरायचा, म्हणजे चमक परत आपल्या डोळ्यांत येते. हिरवट चमक दोन बोटांच्या अंतरावर दिसली तर मांजर. अंतर जास्त आणि जमिनीपासून उंच असेल तर तिथूनच मागे फिरायचं. एकटीने जायचं नाही. सगळ्यात चांगली वेळ उजाडताना, गाव शांत असताना.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकींच्या मांगरात, सोडणांच्या ढिगामागे, तो सापडला. मी ताटली वाजवली तेव्हा आतून अगदी बारीक आवाज आला. पुढचा पाय सुजलेला, खांद्यावर चार भोकं, प्रत्येकी ज्वारीच्या दाण्याएवढी. रक्त जवळजवळ नव्हतंच.

अशा भोकांना फसू नका. दातांची जखम वरून मिटते आणि आत दोन-चार दिवसांत पू धरते. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून, हातमोजे घालून उचला, कारण दुखरं मांजर आपल्या माणसालाही चावतं. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. हळद, कॉफी, डिझेल काही लावू नका. दूध-पाणी जबरदस्तीने पाजू नका. आणि माणसांची तापाची गोळी, पॅरासिटामॉल, अजिबात देऊ नका. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही, एक गोळीही जीव घेते. साप चावल्याचा संशय असेल, म्हणजे अचानक सूज, लाळ, मागचे पाय लुळे, पापण्या जड, तर बांधाबांध न करता खोक्यात स्थिर ठेवून थेट दवाखाना. माणसांना देतात तेच चार सापांच्या विषावरचं इंजेक्शन डॉक्टर मांजरालाही देतात, फक्त ते दवाखान्यात आहे का हे निघण्याआधी फोन करून विचारा.

कुत्रा, कोल्हा, मुंगूस कुणीही चावलं असलं तरी रेबीजचा विचार करायचाच. मांजराला पहिली लस तीन महिन्यांचं झाल्यावर आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी, बहुतेक दरवर्षी. चावल्यावर आधीची लस झालेली असली तरी पुन्हा टोचतात. बंड्याला त्याच दिवशी टोचली, आणि त्याला उचलताना माझ्या मनगटावर त्याचा दात लागला होता म्हणून मीही प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन टोचून घेतली. त्याच्या खांद्यातला पू तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी काढला. महिनाभर तो लंगडत होता.